आजोबा गावाला का जातात

मालिकेतले आजोबा अचानक गावाला निघून गेले की घरोघरी एकच निदान होतं: लेखकाला काही सुचेनासं झालंय. बहुतेक वेळा आजोबांच्या नाटकाचा दौरा लागलेला असतो. मराठी मालिकांतले कितीतरी चांगले नट रंगभूमीवरही काम करतात आणि शनिवार-रविवार त्यांचे प्रयोग असतात. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या सेटवरून वेळेत सुटका झाली नाही, तर पुण्यात बालगंधर्वला प्रेक्षक ताटकळत बसतात. त्यामुळे प्रॉडक्शनकडून लेखकाला आधीच एक तक्ता येतो. कोणाच्या कुठल्या डेट्स आहेत, कोण दुपारपर्यंतच आहे, कुठलं लोकेशन मिळतंय आणि कुठलं हातचं गेलंय. रोजच्या मालिकेचं लेखन या तक्त्यापासून सुरू होतं.

मी अशा मालिकांचे संवाद लिहितो. श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी वेगवेगळी नावं सरकताना दिसतात, ती शोभेची नसतात. पुढच्या काही आठवड्यांचा ट्रॅक चॅनेलबरोबरच्या बैठकीत ठरतो. त्यातून पटकथाकार एकेका भागाचे सीन पाडतो: कोण, कुठे, काय घडतं, ब्रेक कुठे, भाग कशावर संपतो. चॅनेलच्या सूचना येतात, दुरुस्त्या होतात आणि मगच ते कागद माझ्याकडे पोचतात. जाहिराती वगळून अर्ध्या तासात वीस-बावीस मिनिटं उरतात. तेवढा मजकूर जवळजवळ रोज चित्रित व्हावा लागतो, कारण तेवढाच रोज दाखवला जातो. तयार भागांच्या साठ्याला आमच्याकडे बँक म्हणतात. बँक भरलेली असेल तर सगळे एकमेकांशी गोड बोलतात. ती आटली की सकाळी सात वाजता सहायक दिग्दर्शकाचा फोन येतो, ‘सर, दुसरा सीन आला नाही अजून. मॅडम मेकअप करून बसल्यात.’

मालिकांतल्या ज्या गोष्टींवर लोक मनसोक्त हसतात, त्यातल्या बऱ्याचशा या तक्त्यातून जन्मलेल्या असतात. खलनायिका दाराआडून चोरून ऐकते, हे घ्या. दिवाणखान्यातला सीन दुपारी होणार असतो आणि ती नटी सकाळीच मोकळी असते. तेव्हा तिचं दाराआडचं ऐकणं, ओठ चावणं, डोळे बारीक करणं सकाळी एकटीवर उरकून घेता येतं. समोर कुणी नसतंच. सहायक दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून सपाट आवाजात दुसऱ्यांची वाक्यं वाचतो आणि ती त्या वाक्यांवर हादरते. फोनचंही तेच. ज्या दोघांच्या डेट्स जुळत नाहीत, त्यांचं भांडण मी फोनवर लावून देतो. मात्र ते भांडण समोरासमोरच्या भांडणापेक्षा वेगळं लिहावं लागतं. फोनवर माणूस गप्प राहू शकतो, ठेवून देऊ शकतो, खोटं सहज बोलू शकतो. अडचण तर असतेच, तिच्यातून निदान एखादी बरी जागा काढावी एवढाच आमचा हट्ट.

दुसरी टवाळी संवादांची. ‘अगं सुनंदा, तू इथे, अप्पांच्या खोलीत? आणि हातात ती किल्ली?’ समोर सगळं दिसत असताना असं कोण बोलतं? कोणीच नाही. पण संध्याकाळी सात ते नऊ या वेळात टीव्हीसमोर हात जोडून कोणी बसलेलं नसतं. कुकरची शिट्टी होत असते, पोळ्या चाललेल्या असतात, मुलांचा गृहपाठ असतो. मालिका अर्धी ऐकली जाते. त्या एका वाक्यात व्यक्ती, जागा आणि वस्तू ओट्यापर्यंत पोचवायच्या असतात. नवखे लेखक याला कमीपणा समजतात. मला तर ही नभोनाट्याचीच विद्या वाटते, फक्त तिला कोणी मान देत नाही.

खरं कौशल्य त्याहून बारीक ठिकाणी लागतं. सासू एरवी सुनेला नावाने हाक मारते. ज्या दिवशी ती ‘सूनबाई’ म्हणेल त्या दिवशी काहीतरी बिघडलेलं असलं पाहिजे. ‘अहो’वरून ‘अरे’वर येण्यासाठी नायिकेला किती महिने थांबवायचं, यावर आम्ही बैठकीत खरोखर वाद घातले आहेत. शिवाय प्रत्येक नटाची जीभ निराळी. रंगभूमीवरून आलेल्या ज्येष्ठांना पूर्ण वळणाचं वाक्य लागतं, तोडलं तर ते स्वतःच जोडून घेतात. तरुण मुलांना बारा तासांच्या शिफ्टच्या शेवटी, लाइट लागेपर्यंतच्या दहा मिनिटांत पाठांतर करायचं असतं. त्यांच्या तोंडी रात्रीच्या सीनला मी जोडाक्षरं घालत नाही.

एप्रिल २०२१मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं आणि बऱ्याच मराठी मालिकांनी गोव्यात बिऱ्हाड मांडलं. आमच्या कथेतल्या कुटुंबाने एका रात्रीत वाडा का सोडला, याचं कारण हवं होतं. मराठी घराला गोव्याला जायला कारण शोधावं लागत नाही, कित्येकांचं कुलदैवतच तिथलं. नवस फेडायला म्हणून मंडळी निघाली. बाहेर फिरता येत नव्हतं, म्हणून पोचल्या पोचल्या सासूबाईंचा पाय मुरगळला आणि अख्खं घर एका बंगल्यात बसून राहिलं. मेच्या सुरुवातीला गोव्यातही चित्रीकरण थांबलं. सासूबाई तशाच, पाय उशीवर ठेवून.

आठवड्याचा निकाल गुरुवारी लागतो. ‘बार्क’ने देशभरातल्या ५०,०००हून अधिक घरांत बसवलेल्या मीटरांवरून रेटिंग निघतं आणि त्या आकड्यावर ट्रॅक लांबतो किंवा गुंडाळला जातो. मरायला टेकलेली पात्रं गुरुवारनंतर उठून बसलेली मी पाहिली आहेत. याला केवळ बाजारूपणा म्हणणं मला पटत नाही. ७ जुलै १९८४ला दूरदर्शनवर सुरू झालेली, मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली ‘हम लोग’ कुटुंबनियोजनाचा संदेश देण्यासाठीच आखलेली होती. लोकांना तो उपदेश रुचला नाही. पहिल्या तेरा भागांनंतर तो सौम्य झाला, घरातली माणसं पुढे आली, मग पत्रांचा लोंढा सुरू झाला. प्रेक्षकाचं ऐकून लिहिणं हा या माध्यमाचा स्वभावच आहे. फरक एवढाच की पत्रात ‘का आवडलं नाही’ हे लिहिलेलं असायचं. आकडा तेवढं सांगत नाही, आणि ते ‘का’ भरण्यात बैठकीचे तीन तास जातात.

मालिकांचे काही लेखक पुढे निर्माते होतात. माझा एक जुना सहकारी झाला. वाटलं, आता लेखकाचे दिवस पालटतील. चॅनेल त्याला दर भागाचे ठरलेले पैसे देतं, तेही काही महिन्यांनी. सेटचं भाडं, जेवणं, रोजंदारीवरच्या कामगारांची मजुरी मात्र आत्ताच द्यावी लागते. मालिकेचे हक्क बहुधा चॅनेलकडेच राहतात. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीने लेखकाला रॉयल्टीचा हक्क दिला आहे. ती हातात पडलेला मालिकालेखक मला अजून भेटायचा आहे.

परवा त्यानेच माझा एक सीन परत पाठवला. मुंजीचा सोहळा होता, मांडवात माणसं, भिक्षावळ, मामा, सगळं. पूर्वी त्यानेच मला असे भरगच्च सीन लिहायला शिकवलं होतं. समासात त्याने लिहिलं होतं: ‘मुंज होऊन गेली असं दाखव. नवीन बटू, आई आणि बाबा. रात्र नको, दिवसा कर, जनरेटर वाचतो.’ मी फोन करून भांडलो. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, बटूचं वाक्य किती ओळींचं आहे. कारण बालकलाकाराला संध्याकाळी लवकर सोडावं लागतं.