घाबरवणारे नाव, नेमके औषध

'न्यूक्लिअर मेडिसिन' ही पाटी वाचली की अनेकांची पावले दारातच अडखळतात. थायरॉइडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया धीराने सोसलेली आईसुद्धा 'आता किरणोत्सारी आयोडीन घ्यावे लागेल' हे ऐकून हादरते. घरात लहान मूल आहे, त्याला अपाय झाला तर? या धास्तीने काही रुग्ण उपचार लांबवतात, तर काही पुन्हा फिरकतच नाहीत.

या उपचाराचा आधार शरीराचीच एक सवय आहे. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी हार्मोन तयार करण्यासाठी रक्तातले आयोडीन ओढून घेते. ते साधे की किरणोत्सारी, हे तिला ओळखता येत नाही. बोस्टनचे डॉ. सॉल हर्ट्झ यांनी याचाच उपयोग करून १९४१ मध्ये थायरॉइडच्या अतिक्रियाशीलतेवर किरणोत्सारी आयोडीन दिले. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरची स्थापना १९६३ ची. म्हणजे ही विद्या आपल्याकडेही नवी नाही.

आज उपचारासाठी आयोडीन-१३१ वापरतात. त्यातून निघणारे गॅमा किरण शरीराबाहेर येतात. कॅमेरा ते टिपतो आणि थायरॉइडच्या पेशी कुठे उरल्या किंवा पसरल्या आहेत, ते दिसते. बीटा कण मात्र जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातात आणि तिथल्याच पेशी नष्ट करतात. एकच पदार्थ रोग दाखवतो आणि त्यावर उपचारही करतो. अर्थात थायरॉइडचा प्रत्येक कर्करोग आयोडीन शोषत नाही, आणि प्रत्येक रुग्णाला याची गरजही नसते.

औषध गोळी किंवा द्रवाच्या रूपात तोंडाने घ्यायचे असते. कर्करोगासाठी ते देण्यापूर्वी एक-दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ आणि मासळी बंद ठेवतात, म्हणजे पेशी आयोडीनसाठी भुकेल्या राहतात. मात्रा मोठी असेल तर काही दिवस स्वतंत्र खोलीत राहावे लागते. न शोषलेले आयोडीन मुख्यतः लघवीवाटे जाते, म्हणून पाणी भरपूर प्यायचे, लघवी तुंबवायची नाही. केमोथेरपीसारखे केस गळत नाहीत. लाळग्रंथी सुजणे, तोंड कोरडे पडणे असे त्रास होऊ शकतात. अतिक्रियाशीलतेसाठी मात्रा कमी लागते, पण नंतर बहुतेकांना थायरॉइडची गोळी कायमची घ्यावी लागते.

काही नियमांत तडजोड नाही. गरोदरपणात हे औषध देत नाहीत. स्तनपान आधीच थांबवावे लागते आणि त्या बाळासाठी पुन्हा सुरू करता येत नाही. पुढे निदान सहा महिने गर्भधारणा टाळावी लागते. घरी गेल्यावर काही दिवस वेगळे झोपायचे, लहान मुले आणि गरोदर स्त्रियांपासून अंतर ठेवायचे.

हे अंतर कायमचे नसते. आयोडीन-१३१ ची किरणोत्सारिता दर आठ दिवसांनी निम्मी होते. शिवाय बराचसा भाग पहिल्या दोन-तीन दिवसांतच शरीराबाहेर पडलेला असतो. उपचार टाळले, तर गळ्यात उरलेला कर्करोग मात्र असा आपोआप ओसरत नाही.

म्हणून भीती मनात न ठेवता डॉक्टरांना विचारावे. 'मुलाला कुशीत कधी घेऊ?' या प्रश्नाचा संकोच नको. त्याचे उत्तर दिवस मोजून सांगता येते.