राजा, पिता आणि पवित्र शास्त्र

सम वर्षांमध्ये सामान्य काळातील पहिल्या सप्ताहाच्या शुक्रवारी पवित्र मिस्सामध्ये शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातील आठव्या अध्यायाचे वाचन होते. इस्राएल लोक शमुवेलकडे राजा मागतात. राजा तुमची मुले सैन्यात नेईल, शेते व द्राक्षमळे घेईल, अखेर तुम्ही त्याचे दास व्हाल, असा इशारा परमेश्वर त्यांना देतो. आपण हे वाचन ऐकतो आणि घरी जातो. मात्र सतराव्या व अठराव्या शतकांत याच अध्यायावरून राजसत्तेविषयी जोरदार वाद झाले. नागरिकांचे हक्क, शासनाला जनतेची संमती, सत्तेला मर्यादा या कल्पनांची मांडणी करणाऱ्यांनी पवित्र शास्त्र उघडे ठेवूनच वाद घातला.

अर्थात विरोधी पक्षाच्या हातीही तेच शास्त्र होते. इंग्लंडच्या सर रॉबर्ट फिल्मर यांचा ‘पॅट्रिआर्का’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६८० साली प्रसिद्ध झाला. देवाने आदामाला जगाचे स्वामित्व दिले, ते पित्याकडून पुत्राकडे येत राजांपर्यंत पोहोचले, म्हणून राजा हा प्रजेचा पिता आणि पित्याला जाब विचारता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो आज हास्यास्पद वाटेल. पण गावाकडून येऊन दिव्यात स्थायिक झालेल्या आपल्या कित्येक घरांत महापालिकेच्या निवडणुकीत सर्वांची मते कोणाला जावीत हे कर्ता पुरुषच ठरवतो. त्यामुळे फिल्मर पूर्णपणे कालबाह्य झाले आहेत, असे आम्हांला वाटत नाही.

फिल्मर यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच ज्यांच्यावर टीका केली ते कार्डिनल रॉबर्ट बेलार्मिन होते. १९३० साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. सत्ता देवाकडूनच येते, परंतु ती एका व्यक्तीला नव्हे तर समग्र लोकसमुदायाला मिळते. माणसे समान असताना अमुक एकानेच राज्य का करावे, असे बेलार्मिन यांचे म्हणणे. त्यांच्याच येशूसंघातील फ्रान्सिस्को सुआरेझ यांनी १६१३ साली हाच विचार पुढे नेला, तेव्हा इंग्लंडच्या जेम्स राजाने त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये जाळविला. त्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स त्या सुमारास गोव्यात मराठी ओव्यांतून बायबलची कथा सांगत होते. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. बेलार्मिन यांना आजची लोकशाही अभिप्रेत नव्हती. राजांच्या तुलनेत पोपमहोदयांचा अधिकार राखणे हाही त्यांचा हेतू होता, हे सांगितले पाहिजे.

फिल्मर यांना सविस्तर उत्तर दिले ते जॉन लॉक यांनी, १६८९ साली. त्यांच्या शासनविषयक दोन प्रबंधांपैकी पहिला प्रबंध सहसा कोणी वाचत नाही, कारण तो बहुतांशी उत्पत्तीच्या पहिल्या काही अध्यायांचा अर्थ लावण्यात खर्ची पडला आहे. पण आमच्या मते गाभा तेथेच आहे. पृथ्वीवर सत्ता चालवा, हे देवाचे वचन एकट्या आदामाला नाही. ते अनेकवचनी आहे, स्त्री-पुरुष दोघांना उद्देशून आहे, याकडे लॉक लक्ष वेधतात. मग ते आज्ञेकडे वळतात. आपल्या धर्मशिक्षण वर्गातील मुलांनाही ती पाठ असते: बापाचा व आईचा मान राख. फिल्मर यांनी ती उद्‌धृत करताना ‘आई’ हा शब्द गाळला होता! आईलाही तितकाच मान असेल, तर पित्याच्या अनिर्बंध सत्तेवर उभारलेले राजसिंहासन कसे टिकणार? (हेच लॉक कॅथलिकांना सहिष्णुतेचा लाभ देण्यास मात्र तयार नव्हते.)

पुढे १७७६ साली अमेरिकेत टॉमस पेन यांनी ‘कॉमन सेन्स’मध्ये गिदोनाने नाकारलेले राज्य आणि शमुवेलचा इशारा यांचा आधार घेऊन वंशपरंपरागत राजेशाहीवर हल्ला चढविला. पेन पुढे बायबलचे कठोर टीकाकार झाले. तरीही १७९१ च्या ‘राइट्स ऑफ मॅन’मध्ये मानवी हक्कांचा उगम शोधताना ते उत्पत्तीतील निर्मितीच्या वृत्तान्तापर्यंत मागे जातात. देवाने मनुष्य आपल्या प्रतिरूपात, नर व नारी असा निर्माण केला. तेथे उच्चनीच भेद नाही.

हेच पुस्तक पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या तरुण जोतीराव फुले यांच्या हाती आले. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली आणि १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच वर्षीच्या ‘गुलामगिरी’त त्यांनी येशू ख्रिस्ताला बळीराजाच्या पंक्तीत बसविले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. कोणत्याही एका ग्रंथात संपूर्ण सत्य आहे हे त्यांना मान्य नव्हते. त्यामुळे फुले यांच्या विचाराचे सारे श्रेय बायबलला देणे अन्यायाचे ठरेल. शिवाय आपल्या ख्रिस्तसभेनेही धर्मस्वातंत्र्याचा हक्क निःसंदिग्धपणे घोषित केला तो १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. मात्र सर्व मानव एकाच निर्मिकाची लेकरे असल्याने त्यांचे हक्क समान, ही जोतीरावांची मांडणी आपल्या श्रद्धेला परकी नाही.

१८९१ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त ते एका कुटुंबाचे चित्र रंगवितात. पत्नी बौद्ध ग्रंथ वाचून तो धर्म स्वीकारते, पती जुना व नवा करार वाचून ख्रिस्ती होतो, कन्या कुराण वाचून मुसलमान होते, पुत्र सत्यधर्मी. आणि चौघेही कोणाचा द्वेष न करता एकाच घरात प्रेमाने राहतात. पती काय वाचतो त्यावरून इतर तिघांचा धर्म ठरत नाही.