ऑफिसात प्लग आहे का, बॉस?

ई-स्कूटर घ्यायचीय, पण चार्ज कुठे करणार? गंगापूर तालुक्यातल्या वाळूज एमआयडीसीत जॉब आणि तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट असेल, तर खरा लोचा इथेच आहे. गाडी आठ तास उभी असते कंपनीच्या पार्किंगमध्ये. मग चार्जर तिथेच का नको?

सरकार पैसे देतं? देतं, पण कुणाला ते बघा. केंद्राच्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये ठेवलेत. सप्टेंबर २०२५च्या नियमांनुसार सरकारी ऑफिस, हॉस्पिटल, शाळेच्या आवारात १०० टक्के अनुदान. अट एकच, चार्जर सर्वांना खुला हवा. म्हणजे तहसील कार्यालय यात बसतं, गेटवर वॉचमन बसवलेली तुमची कंपनी नाही! राज्याच्या २०२१च्या धोरणात स्लो चार्जरला खर्चाच्या ६० टक्के, कमाल १०,००० रुपये होते. ते धोरण मार्च २०२५मध्ये संपलं.

पण डोंट वरी. स्कूटरला महागडा फास्ट चार्जर लागतच नाही, नीट अर्थिंग असलेला साधा प्लग पुरतो. बॅटरी साडेतीन युनिटची आणि युनिट १० रुपयांना धरला, तरी फुल चार्ज चाळिशीच्या आसपास. आहे त्याच वीज कनेक्शनवर ऑफिसात गाडी चार्ज करायला केंद्राने जानेवारी २०२२मध्येच मोकळीक दिलीय.

तेव्हा दहा जणांची नावं गोळा करा, सब-मीटरचा हिशेब जोडा आणि अ‍ॅडमिनला मेल टाका. २०१०मध्ये तेव्हाच्या औरंगाबादकरांनी ग्रुप करून एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. तुम्हाला तर फक्त प्लग हवाय!