गुडघ्यावर बसून काढलेला नकाशा

२००३ साली अलास्कातल्या अँकरेजहून एक मोठा रंगीत नकाशा प्रसिद्ध झाला. मधोमध उत्तर ध्रुव आणि त्याच्याभोवती कॅनडाची बेटं, ग्रीनलंड, स्वालबार्ड, सैबेरियाचा किनारा, अलास्काचा उत्तर उतार. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ७५ किलोमीटर. वृक्षरेषेच्या पलीकडे उरणारा हा आर्क्टिक भूभाग सुमारे ७१ लाख चौरस किलोमीटरांचा, म्हणजे भारताच्या दुपटीहून थोडा मोठा. कायमच्या बर्फाखालचा भाग सोडला तर त्यातल्या ५० लाख चौरस किलोमीटरांवर काही ना काही उगवतं. नेमकं काय उगवतं, हे सगळ्या आर्क्टिक देशांसाठी एकाच सूचीने सांगणारा हा पहिलाच नकाशा होता.

पहिला नकाशा निघायला एकविसावं शतक उजाडावं लागलं, याचं आश्चर्य वाटणं साहजिक आहे. उपग्रहांची छायाचित्रं तोवर तीन दशकं येत होती आणि वनस्पतीशास्त्रज्ञ तर तिथे अडीचशे वर्षांपासून जात होते. लिनियस १७३२ मध्ये लॅपलंड पालथा घालून आला होता. मिडेनडॉर्फने १८४० च्या दशकात सैबेरियातल्या तैमिर द्वीपकल्पापर्यंत मजल मारली होती. अडचण साधनांची नव्हतीच. तिथे वाढणाऱ्या वनस्पतींचे गट कसे पाडायचे, यावर या मंडळींचं कधी जमलं नव्हतं.

जुन्या प्रवाशांनी आणल्या त्या याद्या: कुठे कोणती वनस्पती सापडली, तिचं नाव काय. पण कोणती वनस्पती कोणाच्या सोबतीने, किती दाटीने वाढते, हा प्रश्न विसाव्या शतकाचा. डेन्मार्कच्या राउंकियेरने त्याला एक नामी वळण दिलं. फुलं आणि पानं बाजूला ठेवून त्याने विचारलं, की प्रतिकूल हंगामात ही वनस्पती आपली कळी कुठे जपते? उंच फांदीवर, जमिनीलगत, मातीच्या पृष्ठभागावर की मातीच्या आत? टुंड्राला हा प्रश्न चपखल बसतो, कारण तिथे वर डोकावणारी कळी हिवाळी वाऱ्याने खरवडून निघते आणि बर्फाच्या दुलईखाली राहील तीच वाचते. आर्क्टिक विलो हे खरं तर झाडच. पण ते जमिनीला इतकं चिकटून पसरतं, की त्याच्यावर पाय ठेवून पुढे जाणाऱ्याला आपण झाड तुडवलं हे कळतही नाही.

दुसरं वळण १९२८ चं. स्वित्झर्लंडच्या योझियास ब्राउन-ब्लांके यांनी वनस्पतीसमूहांचं शास्त्र सांगणारा ग्रंथ काढला. त्यांची पद्धत कागदावर फार सोपी. एकसारखा दिसणारा तुकडा निवडायचा, चौकट आखायची, आत असेल ते सगळं नोंदवायचं आणि प्रत्येकाने किती जमीन व्यापली आहे याला एक ते पाच असे अंक द्यायचे; अगदीच तुरळक असेल तर नुसती खूण. अशा शेकडो चौकटी शेजारी-शेजारी मांडल्या, की कोण कोणाबरोबर राहतं ते उलगडू लागतं. पण टुंड्रात ‘सगळं’ म्हणजे मुख्यतः शेवाळ आणि दगडफूल. आपल्याकडे गोड्या मसाल्यासाठी डब्यात असतं त्याच कुळीतली ही मंडळी तिथे जमिनीवर गालिचा अंथरून असतात. एका चौरस मीटरमध्ये त्यांच्या डझनावारी जाती निघतात आणि त्यातल्या कितीतरी भिंगाशिवाय ओळखू येत नाहीत. डासांच्या ढगात, भिजलेल्या गुडघ्यांवर बसून एका चौकटीला अर्धा दिवस देण्याची तयारी असेल त्यानेच या वाटेला जावं.

युरोपातले काही गेले. एमिल हादाच या चेक शास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर स्वालबार्डमध्ये काम केलं, ट्यूगे ब्योखर आयुष्यभर ग्रीनलंडमध्ये फिरले आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस नेदरलंड्सचे फ्रेड डॅनियल्स आग्नेय ग्रीनलंडमधल्या अम्मासालिक भागात चौकटी आखू लागले.

सोव्हिएत रशियाची वाट वेगळी होती. तिथे तोल्माचोव्ह यांनी १९२० च्या दशकाच्या शेवटी तैमिरमध्ये एक शिस्त घालून दिली. एका तळाभोवतालच्या साधारण शंभर चौरस किलोमीटरांत वाढणारी प्रत्येक जाती शोधायची आणि मगच तळ हलवायचा. अशा अनेक तळांच्या याद्या जोडल्या, की उत्तरेकडे जाताना वनस्पती कशा विरळ होत जातात ते आकड्यांत दिसतं. याच परंपरेतून गोरोदकोव्ह, अलेक्सांद्रोव्हा, युर्त्सेव्ह आणि मात्वेयेव्हा यांनी टुंड्राचे आडवे पट्टे आखले. अमेरिका आणि कॅनडात मात्र उच्च आर्क्टिक आणि निम्न आर्क्टिक अशी ढोबळ विभागणी चाले. कॅनडात काम करणारे लॅरी ब्लिस ध्रुवीय वाळवंट म्हणून जो प्रदेश दाखवत, तो रशियनांच्या ध्रुवीय वाळवंटापेक्षा कितीतरी दक्षिणेपर्यंत पसरलेला होता. दोघांचे नकाशे शेजारी ठेवले तर बेरिंगच्या सामुद्रधुनीच्या दोन काठांवर दोन वेगळे निसर्ग आहेत, असं वाटावं.

अलास्कात या कामाला खरी गती दिली ती तेलाने. १९६८ मध्ये प्रुढो बेला प्रचंड साठा सापडला आणि रस्ते, खडीचे चौथरे, नळवाहिन्या यांचं जाळं पसरू लागलं. या सपाट किनारपट्टीखालची जमीन कायमची गोठलेली. थंडीने तडकून पडलेल्या भेगांत बर्फाच्या पाचरी वाढतात आणि वर जमिनीवर फरशीसारखे बहुकोन उमटतात. बहुकोनाच्या मध्यावर पाणी आणि पाणलव्हाळी, त्याच्या उंचवट्यावर कोरड्या जागेची ड्रायस ही वनस्पती, कडेच्या खाचेत वेगळंच शेवाळ: चार पावलांत तीन समूह. इथे रस्ता कुठून न्यावा हे ठरवायचं तर नुसत्या वनस्पतींचा नकाशा पुरत नाही. माती, भूरूप आणि जमिनीतला बर्फ हे सगळं एकत्र लागतं. पॅट्रिक वेबर आणि त्यांचे विद्यार्थी डोनाल्ड वॉकर यांनी सहकाऱ्यांसह नेमकं तेच केलं, आणि १९८० मध्ये प्रुढो बेचा भूवनस्पती ॲटलास निघाला. वॉकर यांना त्या वर्तुळात सगळे ‘स्किप’ म्हणूनच ओळखतात.

या ॲटलासचं मोल पुढे कळलं. त्याच भागाचे १९४९ पासूनचे हवाई फोटो लावून मार्था रेनॉल्ड्स, वॉकर आणि इतरांनी २०१४ मध्ये हिशोब मांडला. बारकाईने तपासलेल्या क्षेत्रापैकी ३४ टक्क्यांहून अधिक जमिनीवर २०१० पर्यंत तेलउद्योगाचा परिणाम झाला होता. हे अपेक्षितच होतं. धक्का दुसऱ्या आकड्याने दिला. बांधकाम, तलाव आणि नदीपात्रं वगळून जी नैसर्गिक जमीन उरली होती, तिच्यातल्या १९ टक्के भागात १९९० ते २००१ या अवघ्या अकरा वर्षांत बर्फाच्या पाचरी वितळून खचण्याच्या खुणा वाढल्या होत्या. जुना नकाशा नसता तर हा बदल मोजायला पायाच नव्हता.

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. तीनच महिन्यांनी, मार्च १९९२ मध्ये, कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे आर्क्टिक वनस्पतींच्या वर्गीकरणावर आंतरराष्ट्रीय बैठक भरली. या साऱ्या इतिहासात एकच तारीख लक्षात ठेवायची असेल तर ती हीच. आयुष्यभर एकमेकांचे लेख उशिराने, अनुवादातून वाचणारी माणसं एका टेबलाभोवती बसली. ब्राउन-ब्लांकेंची पद्धत समान भाषा म्हणून घ्यावी, सगळ्या चौकटींचा एक साठा करावा आणि ध्रुवाभोवतीचा एक नकाशा काढावा, असं ठरलं. तीनही कामं एकाच वेळी सुरू झाली असती तर बरं झालं असतं. प्रत्यक्षात नकाशा पुढे गेला आणि चौकटींचा साठा वीस वर्षं मागे पडला. नकाशाला निधी मिळतो, जुन्या वह्यांना मिळत नाही. शास्त्राचा कारभार असाच चालतो.

नकाशा कसा झाला, तेही पाहण्यासारखं आहे. पायाला उपग्रहाची छायाचित्रं होती, एका ठिपक्यात एक किलोमीटर एवढी ढोबळ. १९९३ आणि १९९५ या दोन उन्हाळ्यांतल्या प्रतिमांमधून ढग-बर्फ नसलेले, सर्वांत हिरवे क्षण निवडून ती जोडलेली. त्यावर सीमारेषा मात्र संगणकाने ओढल्या नाहीत. प्रत्येक देशातल्या जाणकारांनी आपापल्या भागाचे खडक, मातीची आम्लता, उंची आणि तलाव लक्षात घेऊन त्या हाताने काढल्या. संगणकाला सगळं हिरवं सारखंच दिसतं. कोणत्या डोंगराखाली चुनखडक आहे हे तिथे हिंडलेल्या माणसालाच ठाऊक असतं. पट्ट्यांच्या जुन्या वादावर तोडगा काढताना युर्त्सेव्ह आणि नॉर्वेचे आर्वे एल्वेबाक यांच्या मांडणीचा आधार घेतला गेला, आणि ए पासून ई पर्यंत पाच उपपट्टे ठरले. सर्वांत उत्तरेच्या ए पट्ट्यात जुलैचं सरासरी तापमान ० ते ३ अंश सेल्सिअस. तिथे काष्ठमय वनस्पती जवळपास नाहीतच आणि एका परिसरात फुलझाडं, गवतं धरून पन्नास जातीही भरत नाहीत. दक्षिणेच्या ई पट्ट्यात जुलै ९ ते १२ अंशांचा, आणि तिथे जातींची संख्या दोनशेपासून पाचशेपर्यंत जाते. नऊएक अंशांच्या फरकाने एवढी उलथापालथ होते, हे ध्यानात ठेवलं की तापमानवाढीच्या एकेका अंशाचं वजन कळतं.

सूचीत पंधरा प्रकार बसले आणि त्यांचे पाच गट पडले: उघड्या-ओसाड जमिनी, गवताळ टुंड्रा, जमिनीसरशी पसरणाऱ्या झुडपांचा टुंड्रा, उभ्या झुडपांचा टुंड्रा आणि पाणथळी. मोजमाप झालं तेव्हा उभ्या झुडपांचा वाटा तब्बल २६ टक्के भरला. टुंड्रा म्हणजे शेवाळ आणि बर्फ, अशी शालेय भूगोलाने करून दिलेली समजूत इथे ढासळते. पाणथळींचा वाटा मात्र ७ टक्केच निघाला.

त्रुटी होत्याच. एवढ्या लहान प्रमाणाच्या नकाशात साधारण चौदा किलोमीटरांहून लहान व्यासाचा तुकडा दाखवता येत नव्हता, आणि बहुकोनांच्या मध्य-काठांतला फरक तर त्याच्या कित्येक पायऱ्या खालचा. पण सूचीचे निकष योग्य होते याचा पुरावा आधीच मिळाला होता. अलास्कात आम्ल आणि अनाम्ल मातीच्या टुंड्राला विभागणारी एक सीमा आहे. वॉकर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं, की अनाम्ल बाजूला उन्हाळ्यात जमीन जास्त खोलवर वितळते आणि कार्बन कमी शोषला जातो. हवा तीच, पाऊस तोच, फरक मातीचा आणि तिच्यावर वाढणाऱ्या शेवाळाचा. हवामानाची प्रारूपं बनवणाऱ्यांना मग हा नकाशा हवाच झाला.

दरम्यान नकाशाचा विषयच जागेवर राहीनासा झाला होता. अमेरिकी नौदलाने १९४० च्या दशकाच्या अखेरीस तेल शोधताना अलास्काच्या उत्तर उतारावर विमानातून तिरपे फोटो घेतले होते. मॅथ्यू स्टर्म, चार्ल्स रसीन आणि केन टेप यांनी अर्ध्या शतकाने त्याच जागांचे फोटो पुन्हा घेतले. अल्डर, बर्च आणि विलो यांची झुडपं वाढलेली आणि दाटलेली दिसली. २००१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. बॅरोजवळ, म्हणजे आजच्या उत्कियागविकजवळ, वेबर यांनी १९७२ मध्ये आखलेल्या चौकटीही नंतर शोधून पुन्हा नोंदल्या गेल्या. आता जुन्या वह्यांना भाव आला. २०१३ मध्ये क्राकोव्हच्या बैठकीत आर्क्टिक वनस्पती-संग्रहाचं काम नव्याने हाती घेतलं गेलं. एकाच शेवाळाची चार देशांत चार नावं चालत होती, म्हणून आधी जातींची समान यादी करावी लागली. एकट्या अलास्कातून सुमारे तीन हजार चौकटी या साठ्यात आल्या. २०१९ मध्ये रेनॉल्ड्स यांच्या गटाने मूळ नकाशाची एक किलोमीटर तपशिलाची नवी आवृत्ती काढली, आणि २०२४ मध्ये ॲनेट बार्च व सहकाऱ्यांनी दहा मीटर तपशिलाचं भू-आच्छादन मांडलं.

भारताचा या भूमीशी संबंध छोटा, पण प्रत्यक्ष आहे. स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुंडला १ जुलै २००८ रोजी ‘हिमाद्री’ केंद्र सुरू झालं, आणि त्याचा कारभार गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. हिमाद्रीच्या परिसरात ध्रुवीय विलो आणि जांभळी सॅक्सिफ्रेज वाढतात. भारतीय संशोधकांनी तिथल्या दगडफुलांवरही काम केलं आहे.

२००७ ते २०१० या काळात वॉकर यांचा गट रशियन सहकाऱ्यांबरोबर नादिमपासून यमाल द्वीपकल्पावरून थेट फ्रान्झ जोसेफ लँडपर्यंत चौकटी आखत गेला होता. वाटेत नेनेत्स पशुपालकांच्या रेनडिअर-कुरणांचीही नोंद झाली. असा प्रवास आज शक्य नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं आणि पुढच्याच महिन्यात इतर सात सदस्य देशांनी आर्क्टिक परिषदेतलं आपलं काम थांबवलं. रशियाशी होणारं प्रत्यक्ष संशोधन-सहकार्य बहुतेक ठिकाणी तुटलं. त्याची किंमत २०२४ च्या आरंभी ‘नेचर क्लायमेट चेंज’मधल्या एका अभ्यासाने मोजली: आर्क्टिकमधल्या संशोधन केंद्रांच्या जाळ्यातून रशियन केंद्रं वगळली, तर उरलेल्या माहितीत काही बाबतींत येणारा एकांगीपणा शतकाअखेरपर्यंत अपेक्षित असलेल्या हवामानजन्य बदलाएवढा मोठा आहे. उपग्रह सैबेरियावरून पूर्वीसारखेच फिरतात आणि दहा मीटरांचा ठिपका टिपतात. त्या ठिपक्यात ड्रायस आहे की लव्हाळं, हे तपासायला पश्चिमेकडच्या संशोधकांपाशी तूर्तास २०२२ पर्यंत जमलेल्या चौकटीच आहेत.