हेलिकॉप्टरची भू-हाताळणी व बांधणी

हेलिकॉप्टरची भू-हाताळणी व बांधणी म्हणजे उड्डाण नसताना हेलिकॉप्टर जमिनीवर किंवा जहाजाच्या डेकवर हलविणे, उभे करणे आणि वाऱ्यापासून व जहाजाच्या हेलकाव्यांपासून सुरक्षित ठेवणे होय. लष्करी हेलिकॉप्टरांना अनेकदा हँगर नसलेल्या ठिकाणी थांबावे लागते. त्यामुळे त्यांच्या सांगाड्यावर ओढण्यासाठी, उचलण्यासाठी व बांधण्यासाठी कड्या आणि खोबणी मुळातच बसविलेल्या असतात.

गरज

हवेत असताना हेलिकॉप्टरची पाती वेगाने फिरतात आणि केंद्रोत्सारी बलामुळे ताठ राहतात. रोटर थांबला की हीच लांब, लवचीक पाती स्वतःच्या वजनाने खाली झुकतात. जोराच्या वाऱ्यात ती वरखाली आपटून त्यांच्या मुळाशी असलेल्या जोडांना इजा होऊ शकते. रोटर सुरू होताना व थांबताना, म्हणजे फेऱ्यांचा वेग कमी असताना, पाते वाऱ्याने उचलले जाऊन शेपटावर आदळण्याचाही धोका असतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किमी वेगाचा वारा एका चौरस मीटरवर सुमारे १२ किलो वजनाइतका दाब देतो, तर ताशी १०० किमी वेगाचा वारा सुमारे ४७ किलो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो.

हलविण्याची साधने

चाकांची हेलिकॉप्टरे ओढदांड्याने ट्रॅक्टरला जोडून हलवितात. अनेक ओढदांड्यांत एक खीळ मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते. वळण प्रमाणाबाहेर गेल्यास ती तुटते आणि महागडे चाकयंत्र वाचते. भारतीय सेनादलांतील चेतक हेलिकॉप्टरला तीन चाके आहेत, तर चीता हेलिकॉप्टर धावपट्ट्यांवर, म्हणजे स्किडांवर, उभे राहते. ध्रुव दोन्ही प्रकारांत मिळते: भूदल व वायुदलाकडे मुख्यतः स्किडांचे, तर नौदल व तटरक्षक दलाकडे चाकांचे. स्किडांच्या हेलिकॉप्टरला दोन्ही बाजूंना सुटी चाके जोडून ते थोडे उचलतात आणि शेपटाकडून तोल सावरत ढकलतात.

बांधणीची पद्धत

हेलिकॉप्टर शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उभे करतात, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावतात आणि सांगाड्यावरील कड्यांपासून जमिनीत बसविलेल्या कड्यांपर्यंत दोर किंवा साखळ्या नेतात. साखळी ४५ अंशांच्या कोनात असल्यास तिच्या ताणाचा सुमारे ७० टक्के भाग खाली खेचतो आणि तेवढाच भाग आडवा रोखतो. म्हणून साखळ्या समोरासमोर जोडीने लावतात. नायलॉनचा दोर ताणला की लांबतो. त्यामुळे जहाजावर साखळी अधिक भरवशाची ठरते.

पात्यांच्या टोकांना कापडी टोपी किंवा पकड बसवून तिचा दोर सांगाड्याला बांधतात. दोर पाते हलू नये इतपतच ताणावा लागतो. फार ओढल्यास पाते वाकते.

जहाजावरील बांधणी

डेक हलत असल्याने तेथे केवळ उभे राहणे पुरेसे नसते. कॅनडाच्या नौदलाने १९६०च्या दशकात ‘बेअरट्रॅप’ ही पद्धत विकसित केली. तिच्यात हेलिकॉप्टर तारेने खाली ओढून डेकवरील पकडीत अडकविले जाते. ‘हार्पून’ पद्धतीत हेलिकॉप्टरच्या पोटाखालील दांडा डेकवरील जाळीत रुततो. भारतीय नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरची पाती व शेपूट दुमडता येतात, त्यामुळे ते जहाजावरील लहान हँगरमध्ये मावते.

कोकण किनारा

कोकण किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्याबरोबर खारी हवाही असते. मिठामुळे कड्या, साखळ्या व ताणपेच गंजतात. बाहेरून धड दिसणारी कडी नेमक्या वादळात तुटू शकते. त्यामुळे गोड्या पाण्याने धुणे, वंगण देणे आणि नियमित तपासणी हा बांधणीचाच भाग ठरतो.

रत्नागिरी विमानतळावर तटरक्षक दलाचा तळ आहे. मुंबईत कुलाबा येथील ‘आयएनएस शिक्रा’ हा नौदलाचा हेलिकॉप्टर तळ २२ जानेवारी २००९ रोजी या नावाने कार्यान्वित झाला. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्याजवळून गेले. मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा १७ मे रोजी बुडाला, तेव्हा शोध व बचावकार्यात नौदलाची हेलिकॉप्टरेही होती. राजापूर तालुक्यातील नाटे, साखरीनाटे यांसारख्या मच्छीमार गावांतील बोटी संकटात सापडल्यास त्यांनाही अशाच मदतीचा आधार असतो. वादळात जमिनीवरचे हेलिकॉप्टर शाबूत राहिले, तरच वादळ ओसरताच ते मदतीला उडू शकते.

उड्डाणापूर्वीची दक्षता

बांधणी सोडण्यास विसरणे हे न बांधण्याइतकेच घातक असते. एका बाजूचा दोर राहून गेल्यास उड्डाण घेताना हेलिकॉप्टर त्या बाजूभोवती कलते आणि काही क्षणांत उलटू शकते. एका पात्याचा दोर तसाच राहिला, तर रोटर सुरू होताच पात्याची हानी होते. म्हणून दोर, टोप्या व आवरणांना ठळक लाल फिती लावतात आणि सुटी केलेली साधने मोजून परत ठेवतात. वैमानिकही इंजिन सुरू करण्यापूर्वी स्वतः हेलिकॉप्टरभोवती फिरून प्रत्येक कडी मोकळी असल्याची खात्री करतो.