जुनी बोलेरो-सुमो घेताय? स्टिअरिंग ढिलं का आहे ते आधी शोधा



मासळीच्या पेट्या आणि बर्फ घेऊन हिडकलच्या बाजूने संकेश्वर, निपाणी नाहीतर बेळगाव गाठायचं, तर भरवशाची गाडी लागते. नवी परवडत नाही, म्हणून आपण जुनी बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओ बघतो. इंजिनचा आवाज ऐकतो, धूर बघतो, सीट बघतो. स्टिअरिंग थोडं ढिलं लागलं तर मालक म्हणतो, "जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच." आपणही मान डोलावतो. पण तीच गाडी पेट्या भरून, रात्रीच्या वेळी, बाजूला ट्रक असताना तवंदी घाट उतरते तेव्हा हा ढिलेपणा जिवावर येतो.

दुसरी गोष्ट पैशाची. "ढिलं" म्हटलं की कुणी सरळ स्टिअरिंग बॉक्स बदलायला सांगतो, कुणी नुसतं अलाइनमेंट करून देतो. दोष मात्र बऱ्याचदा एखाद्या टाय रॉड एन्डमध्ये असतो, आणि तो बॉक्सच्या मानाने फार स्वस्त पडतो. म्हणून आधी दोष शोधायचा, मग पैसे घालायचे.

ढिलं म्हणजे नेमकं काय?

चाक (स्टिअरिंगचं) फिरवलं तरी टायर लगेच वळत नाहीत, मधे मोकळी जागा लागते, तो खरा प्ले. चाक लगेच लागतं पण सरळ रस्त्यावर गाडी इकडेतिकडे भुलते, तर टायर, हवा, अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनचे बुश बघा. गाडी एकाच बाजूला ओढते, तर हवा, अलाइनमेंट किंवा अडकणारा ब्रेक. ठराविक वेगालाच चाक थरथरतं, तर आधी बॅलन्सिंग. मेस्त्रीला "ढिलं आहे" एवढंच सांगू नका, यातलं काय होतंय ते सांगा.

१. सुरुवात टायरपासून

गाडी थंड असताना हवा तपासा. किती हवी ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. पुढचे दोन टायर एकाच मापाचे आहेत का, एका कडेनेच झिजलेत का, ते बघा. एका कडेची झीज म्हणजे अलाइनमेंट गेलंय किंवा एखादा सांधा सैल आहे.

२. प्ले मोजा

गाडी सपाट जागी, चाकं सरळ. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा, बंद इंजिनवर प्ले उगाच जास्त वाटतो. स्टिअरिंगच्या वरच्या टोकाला चिकटपट्टीची खूण करा. एकाने हळू फिरवावं, दुसऱ्याने बाहेरून पुढचा टायर बघावा. टायर हलायला लागेपर्यंत खूण किती सरकली, तो प्ले.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ९८ प्रमाणे हा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त चालत नाही. ३० अंश म्हणजे घड्याळात १२ पासून १ पर्यंत. साधारण ३८ सेंटीमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर ते कडेने जवळजवळ १० सेंटीमीटर होतात. ही शेवटची हद्द आहे. चांगल्या गाडीत प्ले याच्या कितीतरी कमी असतो.

३. कुठला सांधा हलतो ते बघा

चाकं जमिनीवरच, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, मागच्या चाकांना दगड. एकाने स्टिअरिंग थोडं डावं-उजवं हलवत राहावं. दुसऱ्याने टॉर्च घेऊन वरून खाली बघत जावं: स्टिअरिंगच्या दांड्याचा क्रॉस, मग बॉक्स किंवा रॅक, मग टाय रॉडचे सांधे. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, दोष तिथे. बाहेरून हात ठेवला तर खटका कळतो. फटीत बोट घालू नका.

बॉक्स किंवा रॅकच हलत असेल तर त्याचे बोल्ट, बुश आणि चेसीसला तडा आहे का, ते बघा. गाडी मालवण, कारवार किंवा गोव्याकडून आलेली असेल, किंवा तिने समुद्राची मासळी वाहिलेली असेल, तर इथला गंज नीट तपासा. खारं पाणी पत्रा आतून खातं.

४. चाक उचलून हलवा

इंजिन बंद करा. जॅक लावून खाली मजबूत स्टँड द्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बहुतेक हब बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. फक्त डावं-उजवं धरून हलवल्यावर खेळ लागत असेल तर टाय रॉड एन्ड किंवा रॅक.

५. रबर आणि पिन

बॉल जॉइंटवर रबरी टोपी असली पाहिजे आणि बोल्ट-पिना लॉक असल्या पाहिजेत, हेही त्याच नियमात आहे. जलाशयाच्या काठी गाडी चिखलात जाते. टोपी फाटली की चिखल-पाणी आत जातं, ग्रीस निघून जातं आणि सांधा लवकर झिजतो. नटातली स्प्लिट पिन नसेल तर ती गाडी चालवत घरी आणू नका.

बॉक्सचा स्क्रू आवळणे हा उपाय नव्हे

बॉक्सवरचा स्क्रू आवळून मालक ढिलेपणा लपवू शकतो. जास्त आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, आणि घाटात हे ढिलेपणापेक्षा वाईट. म्हणून चालवून बघताना मोकळ्या जागी कमी वेगात वळवा आणि पकड सैल करा. चाक स्वतःहून मधे यायला हवं.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. सैल सांध्यावर केलेलं अलाइनमेंट टिकत नाही.

गाडी एमएच ०९ ची असो की केए २३ ची, ही तपासणी बयाणा देण्याआधी आणि एनओसीचे कागद सुरू करण्याआधी करा. आपला मेस्त्री सोबत न्या. मालक गाडी उचलून बघू देत नसेल, तर दुसरी गाडी बघा.