बदल ठरवताना कुणाला विचारलं?

कामाची पद्धत बदलली की कामगार कुरकुरतात, वेग मंदावतो, काहीजण नोकरीच सोडतात. हा हेकेखोरपणा म्हणायचा का? व्यवस्थापनाच्या वर्गात हे शिकवताना लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांचा १९४८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग उपयोगी पडतो.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या हारवुड कंपनीत पायजमे शिवले जात. तिथे कामात छोटे बदल करायचे होते. एका गटाला ते नुसते कळवले. दुसऱ्याच्या प्रतिनिधींशी चर्चा केली. उरलेल्या दोन गटांतल्या प्रत्येकाला आखणीत घेतलं. पहिल्या गटाचं घसरलेलं उत्पादन फारसं सावरलंच नाही. ४० दिवसांत १७ टक्के कामगार सोडून गेले. प्रतिनिधींचा गट हळूहळू सावरला. सर्वांना विचारलेले गट झपाट्याने सावरून आधीच्या उत्पादनाच्याही सुमारे १४ टक्के पुढे गेले.

नगावर मजुरी असली की वेग मंदावताच खिशाला झळ बसते, त्यामुळे धास्ती खरीच असते. पुढे पहिल्या गटातल्या उरलेल्यांना नव्या कामाच्या आखणीत सामील केलं, तेव्हा तेही लवकर सावरले. माणसं तीच होती. म्हणून विरोध दिसला, की कामगारांचा स्वभाव तपासण्याआधी निर्णयाची रीत तपासावी.